गुटी आणि दाब कलम : कोणत्या झाडाला करावं, कोणत्याला नको?

ओलीमाती
मंडळी, नवीन रोप करायचं म्हटलं की आपण सरळ कात्री घेतो, फांदी छाटतो आणि कुंडीत खोचतो. जास्वंद, क्रोटन, बोगनवेल यांचं त्यावर भागतं. पण काही झाडं काडीपासून लागता लागत नाहीत. त्यांच्यासाठी फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची जुनी पद्धत आहे, आणि घरच्या बागांमधून ती मागे पडत चालली आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात: जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत गाडली की दाब कलम. वरच्या फांदीची साल कड्यासारखी काढून तिथे ओलं शेवाळ बांधलं आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं की गुटी. दोन्हींत मुळं आधी फुटतात आणि तोडणं नंतर होतं. छाट कलमात नेमकं उलटं. फांदीला मुळं नसतात, पानं मात्र पाणी उडवत राहतात. मुळं फुटायच्या आत काडी वाळली की खेळ संपला.

माझं मत असं की मूळ झाड मोलाचं असेल आणि एक-दोनच रोपं हवी असतील तर पहिला विचार गुटीचा करावा. तुम्ही कोणत्या झाडांना करता? कोणत्यांना करू नये? आणि फांदी तोडायची वेळ झाली हे कसं ओळखता?

पानफुटी
छान धागा. माझा अनुभव रबर प्लांटचा. घरात ठेवलेलं झाड उंच वाढत जातं, खालची पानं गळतात आणि वर नुसता झुपका उरतो. अशा झाडाला झुपक्याच्या खाली गुटी बांधायची. मुळं धरली की वरचा भाग कापून दुसऱ्या कुंडीत, आणि खाली उरलेल्या खोडाला नवे फुटवे येतात. एकाची दोन झाडं, दोन्ही देखणी.

साल काढल्यावर पांढरा चीक बराच वाहतो. ओल्या फडक्याने पुसून, तो थांबल्यावरच शेवाळ बांधा. चीक अंगाला लागू देऊ नका, काहींना खाज सुटते.

कुंडीवाला
थोडा विरोध नोंदवतो. रबर प्लांट काडीपासूनही लागतो. एका फांदीची गुटी केली तर रोप एक मिळतं. त्याच फांदीचे तुकडे केले तर चार-पाच मिळतात. शिवाय गुटीला साल काढा, शेवाळ भिजवा, बांधा, महिनोन्‌महिने लक्ष ठेवा. रोपवाटिकेत बहुतेक झाडांच्या काड्या लावतात त्याला कारण आहे. गुटी चांगली पद्धत आहे हे मान्य, पण 'पहिला विचार' तिचा करावा हे मला पटत नाही.

वेलबुट्टी
@कुंडीवाला, रोपवाटिकेला शेकडो रोपं हवी असतात. धागाकर्तीने 'एक-दोनच हवी असतील तर' असं स्पष्ट लिहिलंय की.

मी दाब कलमाच्या बाजूने लिहिते, कारण गुटीच्या चर्चेत ते बिचारं नेहमी मागे राहतं. मोगरा, जाई, जुई, मधुमालती अशा लवचिक फांद्यांच्या झाडांना यापेक्षा सोपं काही नाही. जमिनीकडे वाकणारी फांदी निवडा. जिथे मातीत जाणार तिथे खालच्या बाजूने, पेराच्या जवळ, तिरका काप द्या, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. कापात काडेपेटीची काडी अडकवा म्हणजे तो परत मिटत नाही. तो भाग ८-१० सेंमी खोल गाडा, तारेच्या आकड्याने रोवून टाका आणि वर वीट ठेवा. शेंडा मात्र बाहेर हवा आणि काठीला बांधून उभा केलेला हवा. फांदी जिथे वळते तिथे रस अडतो, म्हणून ते वळण मुद्दाम जरा तीव्र ठेवावं.

लांब वेल असेल तर नागमोडी दाब कलम करा. एक पेर मातीत, पुढचं बाहेर, परत एक मातीत. बाहेरच्या प्रत्येक पेराला डोळा असला पाहिजे. मग एका वेलीची चार-पाच रोपं होतात. कुंडीवाला, तुमच्या संख्येच्या हिशोबाला हे उत्तर.

निवांत
आमच्या लिंबाच्या फांद्यांना पांढऱ्या पट्ट्या बघून येणारा प्रत्येक जण विचारतो, झाड आजारी आहे का. शेवटी घरातल्या धाकट्याने पाटी लावली: 'प्रकृती उत्तम, बाळंतपण चालू आहे.'

पानफुटी
@निवांत 😄 बाळंतिणीला उन्हापासून सांभाळा. प्लॅस्टिकवरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलात तर आतलं शेवाळ तापत नाही. अंधारात मुळंही चांगली फुटतात.

बांधावरचा
साल का काढायची, हे नीट कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारी ऑक्झिन ही संप्रेरकंही वरून खालीच सरकतात. मुळांकडून येणारं पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. आपण सालीचं कडं काढतो तेव्हा खाली जाणारी वाट बंद होते आणि वर येणारी चालू राहते. म्हणून फांदी हिरवी राहते, आणि कड्याच्या वरच्या कडेला साखर व ऑक्झिन दोन्ही साठतात. त्यात ओल आणि अंधार मिळाला की तिथल्या पेशी मुळं काढतात. मुळं नेहमी वरच्या कडेला येतात, खालच्या नाही. त्यामुळे शेवाळ बांधताना वरची कडा गोळ्याच्या मधोमध आली पाहिजे.

कड्याची रुंदी साधारण २.५ सेंमी ठेवा. फांदी पेन्सिलीएवढी ते अंगठ्याएवढी, निरोगी, उन्हात वाढलेली. साल काढल्यावर लाकडावर एक निसरडा, ओलसर थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून काढायचाच. तो राहिला तर झाड त्यातून नवी साल तयार करतं, खालची वाट पुन्हा जुळते आणि वर काही साठतच नाही. फांदी मजेत, मुळांचा पत्ता नाही, अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आणि वेळ: झाड जोमाने वाढत असताना साल सहज सुटते, तीच वेळ. साल लाकडाला चिकटून बसली असेल तर थांबा.

झुळूक
बांधावरचा काका, तुमच्या माहितीवरून विचारते. माझ्या डाळिंबाच्या गुटीत वरच्या कडेला जाडसर, गाठीगाठींचा पांढरट फुगवटा आलाय. प्लॅस्टिकमधून दिसतो. पण मुळं नाहीत, आणि असं बऱ्याच दिवसांपासून आहे. सोडून द्यावी का?

बांधावरचा
@झुळूक, मुळीच सोडू नका. तो फुगवटा म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींचा गोळा. त्याचा अर्थ वरून येणारा पुरवठा अडतोय, काम सुरू आहे. फक्त फुगवटा आला म्हणजे मुळं येणारच असं नाही, ती त्याच्या आसपासच्या पेशींतून निघतात आणि त्यांना ओल लागते. गोळा बोटाने दाबून बघा. मऊ लागला तर वाट बघा. कडक लागला तर आतलं शेवाळ सुकलंय. सोडवू नका, सिरिंजने वरून थोडं पाणी सोडा. थंडी असेल तर हे काम तसंही रेंगाळतं.

आडवी_फांदी
मॉन्स्टेरा आणि ड्रॅसिनालाही असंच कडं काढायचं का? मॉन्स्टेराचं खोड इतकं मांसल आहे की चाकू लावायची भीती वाटते.

शेवाळ
@आडवी_फांदी, चाकू खाली ठेवा. ही दोन्ही एकदल झाडं आहेत. बांधावरचा यांनी सांगितलेली रचना, म्हणजे बाहेर साल आणि आत लाकूड असे वेगळे थर, एकदल खोडात नसते. पाण्याच्या आणि साखरेच्या नळ्या जुड्यांनी खोडभर विखुरलेल्या असतात. साल काढून वाट अडवायची म्हटलं तरी अडत नाही.

मॉन्स्टेराला प्रत्येक पेराशी हवाई मूळ येतंच. ते मूळ आणि पेर ओल्या शेवाळात गुंडाळा, सैल बांधा, जखम करायची गरजच नाही. मुळाला फाटे फुटले की पेराच्या खाली कापा. ड्रॅसिनाला खालून वर तिरका काप देतात, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि कापात शेवाळाचा तुकडा दाबतात. काप दिल्यावर खोड वाकू नये म्हणून काठीचा आधार द्यायला हवा.

शेवाळाबद्दलही सांगते. तासभर भिजवा आणि मग घट्ट पिळा, एकही थेंब गळायला नको. पाणी साचलेल्या गोळ्यात हवा उरत नाही आणि जखम कुजते. पट्टी बांधताना वरचं टोक सर्वांत घट्ट, नाहीतर फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत शिरतं.

कुंडीवाला
शेवाळऐवजी कोकोपीट चालतं, हेही सांगून ठेवा. साधी माती मात्र जड होते आणि लवकर आवळते.

शेवाळ
चालतं. फक्त शेवाळ मुळांना धरून राहतं आणि प्लॅस्टिक काढताना गोळा फुटत नाही. कोकोपीट सुटून पडतं, तेव्हा तोडताना हात हलका ठेवावा लागतो.

तिसरं_पान
जरा अवांतर, पण राहवत नाही.

ही पद्धत माणसाने झाडांकडूनच उचलली असावी. ब्लॅकबेरीची लांब फांदी वाकून शेंडा जमिनीला टेकला की तिथे मुळं फुटतात आणि नवं झाड उभं राहतं, कोणी न गाडता. स्ट्रॉबेरीचे धावते फुटवे हाच प्रकार. आपला वड तर फांद्यांवरून पारंब्या सोडतो आणि त्या जमिनीत शिरून नवे खांब होतात. थंड प्रदेशातल्या स्प्रूसच्या खालच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने जमिनीला टेकतात आणि तिथे मुळं धरतात. स्वीडनमध्ये फुलुफियेल डोंगरावर 'ओल्ड टिको' नावाचा स्प्रूस आहे. त्याचं आजचं उभं खोड काही शतकांचंच, पण त्याच्या खाली सापडलेल्या अवशेषांचं वय कार्बन पद्धतीने सुमारे ९,५५० वर्षं निघालं. खोडं मरत गेली, नवी येत गेली, झाड तेच.

आणि माणसाकडून झालेली जुनी नोंद शोधायची तर रोमन लेखक केटोने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात गुटी सांगितली आहे. बुडाला भोक असलेलं मडकं किंवा टोपली घ्यायची, फांदी त्यातून वर काढायची, माती ठासून भरायची, आणि दोन वर्षांनी खालून कापून टोपलीसकट लावायची. प्लॅस्टिक सोडलं तर आपण तेच करतोय. टोपलीसकट लावा, म्हणजे मुळं उघडी पाडू नका, हा त्यातला भाग मला फार आवडतो.

निवांत
९,५५० वर्षं! आणि मी दर आठवड्याला गुटी उकलून बघायचा विचार करत होतो.

ओलीमाती
@तिसरं_पान, अवांतर कसलं, धाग्याचा जीव आहे हा.

कुंडीवाला
वेलबुट्टींच्या नागमोडी कलमाने माझा संख्येचा मुद्दा बराच मऊ झाला, ते मान्य. पण फळझाडांबाबत मी मागे हटणार नाही. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं. सगळी मुळं तंतुमय आणि उथळ. मोठं होणारं झाड असेल तर वादळात आडवं होतं, आणि पाण्याचा ताण पडला की आधी तेच सुकतं. काजूचं उदाहरण घ्या. एके काळी काजूची रोपं गुटीने करत. नेमकी हीच अडचण आली आणि आता मृदुकाष्ठ कलमावर (बियाच्या रोपाच्या कोवळ्या खोडावर हव्या त्या झाडाची काडी बांधणं) सगळे आले. आंब्याला तर गुटीची मुळं मुश्किलीने येतात आणि आली तरी रोप टिकवणं अवघड. तिथे कोय कलम (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधणं), मृदुकाष्ठ कलम हेच. उत्साहात कोणी आंब्याच्या फांद्या सोलू नका, एवढंच मागणं आहे.

बांधावरचा
@कुंडीवाला, आंबा आणि काजूबाबत शंभर टक्के सहमत. मोठ्या डेरेदार वृक्षांना सोटमुळाचा बियाणी खुंट हवा, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते बियापासूनचं मुळांचं रोप.

पण 'फळझाडांना गुटी नको' असं सरसकट म्हणू नका. लिचीची व्यापारी लागवड प्रामुख्याने गुटीच्या रोपांवर चालते. डाळिंब आणि पेरूलाही ती उत्तम. रोप लावताना भक्कम आधार आणि वाऱ्याचा आडोसा द्यायचा, एवढी काळजी घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. सफरचंदाची जगभरातली कलमं ज्या बुटक्या खुंटांवर बांधतात, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध 'एम ९'. मूळचा १८७९ च्या सुमाराचा, फ्रान्समधला. पुढे इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात त्याला हा क्रमांक मिळाला. हा खुंट काडीपासून नीट लागत नाही, म्हणून त्याची रोपं मातीच्या ढिगाऱ्याच्या दाब कलमाने करतात. मातृरोप जमिनीलगत छाटायचं. फुटवे वितीएवढे व्हायच्या आधीपासून त्यांच्या बुडाशी माती किंवा लाकडाचा भुसा चढवत जायचा. अंधारात राहिलेल्या बुडांना मुळं फुटतात. हंगाम संपला की ढीग सारून एकेक फुटवा मुळांसकट कापून घ्यायचा. तेच मातृरोप वर्षानुवर्षं पीक देतं. म्हणजे तुम्ही ज्या कलमाची बाजू घेताय, सफरचंदात त्याचा पायाच दाब कलमातून येतो.

कुंडीवाला
हे माहीत नव्हतं. घेतो परत, अर्धं.

वेलबुट्टी
गुलाबाबद्दल भर घालते. डोळा भरलेल्या (खुंटावर दुसऱ्या जातीचा डोळा बसवून केलेल्या) गुलाबाला खुंटाचे फुटवे येत राहतात, आणि ते वेळेवर काढले नाहीत तर मूळ जात दबून खुंटच उरतो. दाब कलमाने केलेला गुलाब स्वतःच्या मुळांवर असतो. खालून कितीही फुटला तरी फूल त्याच जातीचं.

पानफुटी
मुळांची पावडर कोण कोण वापरतं? मी कधीच नाही वापरली, आणि डाळिंब, रबर, क्रोटन सगळ्यांना मुळं येतात.

शेवाळ
सोप्या झाडांना गरज नाही. अवघड झाडांत आयबीएने (मुळांच्या पावडरीतलं, मुळं फुटवणारं संप्रेरक) मुळं लवकर आणि जास्त येतात. लावायची ती कड्याच्या वरच्या कडेला, चिमूटभर, सगळ्या लाकडावर फासायची नाही. पण खरवडणं नीट झालं नसेल तर पावडर त्याची भरपाई करत नाही.

आणि ज्यांच्याकडे पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेली झाडं आहेत त्यांच्यासाठी: गुटीत ते पट्टे टिकतात, कारण तुम्ही शेंडा आणि डोळे जसेच्या तसे घेता. पट्टेदार सर्पपर्णीचं (स्नेक प्लांटचं) पान कापून लावलं तर त्यातून साधं हिरवं रोप येतं, हे अनेकांनी पाहिलं असेल.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मूळ झाडातला विषाणू गुटीत सहीसही उतरतो. लिंबूवर्गातला ट्रिस्टेझा असाच पसरतो. ज्या झाडाची पानं पिवळी पडताहेत, फांद्या शेंड्याकडून वाळताहेत, त्याची आठवण म्हणून गुटी करावीशी वाटली तरी करू नये.

ओलीमाती
शेवटच्या मुद्द्याबद्दल मनापासून आभार. असा मोह मलाही होता, तो आता बाजूला ठेवते.

तोडायच्या वेळेचा प्रश्न राहिलाच. मी आतापर्यंत मुळं दिसली की कापायची असं ऐकत आलेय.

बांधावरचा
दिसली की लगेच नको. पहिली मुळं पांढरी आणि ठिसूळ असतात, कुंडीत मातीच्या वजनाने मोडतात. ती किंचित तपकिरी होऊ द्या, त्यांना फाटे फुटू द्या, प्लॅस्टिकच्या कडेने मुळांचं जाळं दिसू द्या. सोप्या झाडांत याला साधारण ६ ते १० आठवडे लागतात, अवघड झाडांत बरेच महिने.

मग एकदम कापू नका. गोळ्याच्या खाली फांदीला अर्ध्या जाडीचा काप द्या आणि आठवडा-दोन आठवडे थांबा. झाडाकडून येणारं पाणी कमी होतं आणि नव्या मुळांना कामाला लागावं लागतं. त्यानंतर पूर्ण तोडा. वरची निम्मी पानं काढून टाका, कारण मुळांच्या मानाने पानं नेहमी जास्त असतात. कुंडीत सावलीत, दमट जागी ठेवा. प्लॅस्टिक काढायचं, पण शेवाळ मुळांतून उपसत बसायचं नाही. माझ्या मते बहुतेक गुटी झाडावर मरत नाहीत, तोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मरतात.

झुळूक
गोळा दाबून बघितला, वरच्या बाजूने कडक होता. सिरिंजने पाणी दिलंय. आता उकलणार नाही.

तिसरं_पान
मूळ प्रश्नाकडे: माझी विभागणी अशी. लवचिक फांद्या आणि वेली असतील तर दाब कलम. कडक फांद्यांची झुडपं आणि लहान फळझाडं असतील तर गुटी. सोटमूळ लागणारे मोठे वृक्ष, रोगट झाडं आणि काडीपासून सहज लागणारी झाडं असतील तर दोन्ही नको.

कुंडीवाला
यावर माझी सही. फक्त 'सहज लागणारी' मधून रबर प्लांट पानफुटींसाठी वगळा, उंच झाड आटोक्यात आणायला गुटीच बरी.

आडवी_फांदी
शेवटचा प्रश्न. गुटीचं पेरू लवकर फळतं म्हणतात. पहिल्याच वर्षी फुलं आली तर ठेवायची का?

बांधावरचा
लवकर येतात, कारण फांदी वयात आलेल्या झाडाची असते, बियाण्याच्या रोपासारखं तिला बालपण नसतं. पण पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका. तेवढी ताकद मुळांना जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी झाड आधाराशिवाय सरळ उभं असेल तर मोजकी फळं ठेवा.